सोसायटीची मतदारयादी आणि आपण

(गोंदिया जिल्ह्यातील एका खेड्यात विविध कार्यकारी सोसायटीच्या सभासदांपुढे एका शिक्षकाने केलेले भाषण.)



सोसायटीच्या निवडणुकीवर चार शब्द सांगावे म्हणून आपण आम्हांस येथे उभे केले आहे. प्रथमच सांगून टाकतो की, कोणत्या पॅनेलला मत द्यावे हे आम्ही सांगणार नाही. आम्ही पडलो शाळामास्तर. तसे सांगण्याची आम्हांस मुभा नाही, आणि खरे बोलायचे तर हौसही नाही. तेव्हा दोन्ही पॅनेलच्या मंडळींनी निर्धास्तपणे बसावे. आम्ही बोलणार आहो ते मत कोणास द्यावे याविषयी नव्हे, तर मत आपल्याजवळ आहे की नाही याविषयी.

"सोसायटीचे मत ते काय, त्याने का राज्य उलटते?" असे परवा एका शहाण्या गृहस्थाने आम्हांस विचारले. आम्ही त्यांस उलट विचारले की, बाबा, धान चुरून घरी आल्यावर आधारभूत केंद्रावर तुझा नंबर कधी लागतो, बारदाना कोणास आधी मिळतो, काट्यावर वजनात किती घट धरतात, हे कोण ठरवितो? आमच्या जिल्ह्यात धान पणन महासंघ घेतो किंवा आदिवासी विकास महामंडळ घेते, हे खरे. पण गावात काटा मांडून बसते ती कोणती तरी संस्थाच. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या बाजूस आदिवासी विविध कार्यकारी संस्थांच्या दारात गाड्यांची रांग लागते. रोवणीच्या तोंडावर पीककर्ज मंजूर होते तेही सोसायटीच्या कागदावर. ज्याच्या हाती सोसायटी त्याच्या हाती तुमच्या वर्षाची भाकर. मुंबईचे राज्य उलटो की न उलटो, बांधीतले धान उलटे होते ते येथे.

शिवाय सोसायटीतले मत सोसायटीतच राहत नाही, ते पुढे चालत जाते. जिल्हा बँकेच्या निवडणुकीत सोसायटी आपला एक माणूस ठराव करून पाठविते आणि तो एकटा साऱ्या गावाच्या वतीने मत देतो. म्हणूनच ठरावाच्या दिवसांत काही मंडळींस अचानक देवदर्शनाची ओढ लागते आणि मोटारी भरून ती तीर्थयात्रेस जातात! बाजार समितीचे असेच. तिच्या १८ जागांपैकी ११ जागा सोसायट्यांच्या संचालकांनी निवडावयाच्या, ४ ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी; २ व्यापारी-अडत्यांच्या आणि १ हमाल-मापाड्यांची. २०१७ साली कायदा बदलून १० गुंठे जमीन असलेल्या आणि पाच वर्षांत तीनदा माल विकलेल्या शेतकऱ्यास थेट मत दिले होते. २०२० साली ते काढून घेतले. म्हणजे धान पिकविणाऱ्याचा आवाज बाजार समितीत पोहोचायचा तर तो सोसायटीच्या दारातून, नाही तर ग्रामपंचायतीच्या. पहिल्याच दारात तुम्हांस अडविले की पुढचे काम आपोआप भागले.

आता हे मत आले कोठून ते थोडके सांगतो, कारण ते कोणी दान दिलेले नाही. विलायतेत रॉचडेल गावी १८४४ साली काही गरीब विणकर व कारागीर यांनी चार-चार पैसे जमवून एक दुकान काढले. पीठ, साखर, लोणी असला माल. त्यांनी ठरविले की, दुकानात कोणाचे पैसे कितीही असोत, मत एकच. कंपनीत ज्याचे शेअर अधिक त्याची मते अधिक. येथे माणूस मोजायचा, रुपया नाही. आपल्या देशात सहकाराचा पहिला कायदा १९०४ साली झाला व दुसरा १९१२ साली. १९१२ च्या कायद्यात साफ लिहिले होते की, ज्या संस्थेत सभासदांची जबाबदारी त्यांच्या भागांपुरती मर्यादित नाही, तेथे भांडवलात कोणाचा हिस्सा किती का असेना, प्रत्येकास मत एकच. खेड्यापाड्यांतल्या पतपेढ्या बहुधा अशाच होत्या. एकाचे कर्ज बुडाले तर साऱ्यांच्या वावरावर यायचे, मग मत तरी साऱ्यांचे सारखे का नसावे?

त्या काळी कायदेकौन्सिलाचे मत सारा आणि मिळकत पाहून मिळे. आपल्या आज्या-पणज्यांपैकी बहुतेकांस ते नव्हते; सर्व प्रौढांस ते मिळाले १९५१-५२ च्या निवडणुकीत. याचा अर्थ असा की, गरीब कास्तकाराच्या हाती आलेले पहिले मत पुष्कळ ठिकाणी पतपेढीचे होते. मालगुजाराच्या वाड्यापुढून जाताना पायातला जोडा हातात घेणारा माणूस पतपेढीच्या सभेत कायद्याने मालगुजाराच्या बरोबरीचा होता. प्रत्यक्षात तो तेथे तोंड उघडीत होता का, हा प्रश्न निराळा.

मत सारखे असूनही सभा मूठभरांची कशी होते, याचे एक जुने उदाहरण आहे. २ एप्रिल १८७० रोजी पुण्यास सार्वजनिक सभा निघाली. नियम मोठा नामी होता: ज्यास सभासद व्हावयाचे त्याने निदान ५० माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे. सुमारे ६,००० लोकांच्या सह्यांवर ९५ सभासद झाले. कागदावर पाहता त्या काळच्या मानाने ही लोकसत्ताच! पण सही करावयास अक्षर यावे लागते, आणि अक्षर तेव्हा कोणाच्या घरी कोंडलेले होते हे या साप्ताहिकाच्या वाचकांस सांगावयास नको. जोतीराव फुल्यांनी या सभेच्या 'सार्वजनिक'पणावर उघड बोट ठेविले ते याचसाठी. पुढे १८९५ साली टिळकांच्या पक्षाने त्याच सभेत आपले बहुमत करून कारभार हाती घेतला, आणि रानडे-गोखल्यांच्या पक्षास बाहेर पडून १८९६ साली डेक्कन सभा निराळी काढावी लागली. भांडण दोन्हीकडून शिकल्यासवरलेल्यांचे. कुणब्या-माळ्यांचा त्यात प्रश्नच नव्हता, कारण ते यादीतच नव्हते.

हे ऐकून आपल्यापैकी काही जण गालात हसत आहेत. आम्ही त्यांस विचारतो, आज आपल्या सोसायटीत भटजी कोठे आहे? चेअरमन आपला, संचालक आपले, सचिवही आपल्यापैकीच कोणाचा तरी मुलगा. तरीही सभेची नोटीस तुमच्या घरी येत नाही, प्रोसिडिंग कोणी वाचून दाखवीत नाही, आणि आमसभेत चहाबरोबर कोऱ्या पानावर सह्या होतात. अक्षराची किल्ली एका घरातून निघाली आणि दुसऱ्या घरात जाऊन बसली, तर तिला आम्ही बहुजनसमाजाची उन्नती म्हणणार नाही. सत्यशोधकाने सत्य आपल्या घरातही शोधावे लागते. हे कोणास झोंबले तर आमचा इलाज नाही.

आता यादीकडे या. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याचे २७ वे कलम सांगते की, कोणाही सभासदास एकाहून अधिक मत नाही, आणि ते त्याने स्वतः येऊन द्यावयाचे. दुसऱ्याच्या हाती पाठवावयाचे नाही. येथवर सोने. पण त्याच कलमात खाली पाहा. नाममात्र सभासदास मत नाही. कर्ज घेऊन थकला त्यास, थकबाकी आहे तोवर, मत नाही. नव्या सभासदास पहिली दोन वर्षे मत नाही. यातली एकही अट आम्ही मुळात वाईट म्हणत नाही. निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात दोनशे माणसे सभासद करून सोसायटी लुटू नये म्हणून दोन वर्षांची अट हवीच. पण या प्रत्येक अटीची नोंद कोणाच्या हाती आहे? वहीच्या. आणि वही कोणाच्या हाती?

'क्रियाशील' सभासदाचीच गोष्ट घ्या. २०११ च्या ९७ व्या घटनादुरुस्तीनंतर २०१३ साली राज्याच्या कायद्यात अशी अट आली की, पाच वर्षांत निदान एका आमसभेस हजर राहावे आणि संस्थेची ठरलेली सेवा घ्यावी. नाही तर मत नाही. २० जुलै २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती घटनादुरुस्ती राज्यातल्या संस्थांपुरती रद्द केली, कारण निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमतीच घेतलेली नव्हती. पुढे २०२२ साली राज्याने आपला कायदा बदलला, २०२३ साली पुन्हा अध्यादेश काढला. नियम असा दर सालास कूस बदलतो. सबब निवडणूक लागली की त्या दिवशीचा नियम काय, हे तालुक्याच्या सहायक निबंधकास अर्ज देऊन लेखी विचारावे. पॅनेलवाला तोंडी सांगेल त्यावर जाऊ नये. त्यास सोयीचा तेवढाच नियम पाठ असतो. आणि नियम कोणताही असो, आमसभेस गेला असाल तर हजेरीच्या वहीत आपले नाव आपल्या डोळ्यांदेखत लिहवून घ्यावे. सभेत तासभर बसून वहीत नसलेला माणूस कायद्याच्या दृष्टीने घरीच होता.

थकबाकीचे तर विचारूच नका. धान केंद्रावर दिले, पावती मिळाली, पण चुकारा यावयास महिने लागले. इकडे पीककर्जाचा भरणा मार्चअखेर. सरकारकडे तुमचे पैसे अडकलेले आणि सोसायटीत तुम्ही थकबाकीदार! हा माणूस कर्जबुडव्या नव्हे. त्याचेच पैसे दुसऱ्याने दाबून धरले आहेत. पण वही हे विचारीत नाही. यादी करताना त्याच्या नावापुढे खूण पडते, आणि ज्यास चुकाऱ्याच्या विलंबाबद्दल सर्वांत मोठ्याने ओरडावयाचे होते त्याचेच तोंड बंद होते.

तुम्ही म्हणाल गुरुजी दुसऱ्यांस शहाणपण शिकवितात. म्हणून आमच्या मूर्खपणाची गोष्ट सांगतो. आम्ही नोकरदारांच्या एका पतसंस्थेचे सभासद आहो. नाव घेत नाही. एका निवडणुकीत आम्ही नवा सदरा घालून मत द्यावयास गेलो. टेबलावरच्या गृहस्थाने यादीवर बोट फिरविले आणि म्हटले, "गुरुजी, आपले नाव नाही. आपण थकबाकीदार." आमच्या पगारातून हप्ता कापलेला होता, पगारच उशिरा झाला, आणि कापलेला हप्ता पतसंस्थेत पोहोचला तो त्याहून उशिरा. पगारपत्रक आमच्या खिशात होते. आम्ही ते दाखविले, आवाज चढविला, बाजूला उभे राहून चार लोकांस ऐकविले. त्या गृहस्थाने शांतपणे सांगितले की, कच्ची यादी लावली होती, हरकती मागविल्या होत्या, मुदत संपली, यादी पक्की झाली. खोटे काहीच नव्हते. यादी लावली होती खरीच, कार्यालयाच्या आतल्या भिंतीवर, कपाटाच्या बाजूस.

लाज याची वाटली की, विधानसभेच्या मतदारयादीचे काम आमच्याचकडे असते. भर उन्हात घरोघर जाऊन आम्ही विचारतो, बाई, सून आली का, पोरगा अठराचा झाला का, म्हातारे आहेत की गेले? दुसऱ्यांची हजार नावे तपासणाऱ्या आम्ही स्वतःचे एक नाव पाहिले नाही. तेव्हा आमच्या ध्यानात आला तो फरक आपणही ध्यानात ठेवावा: सरकारच्या यादीसाठी माणूस तुमच्या दारी येतो, सोसायटीच्या यादीसाठी तुम्हांस तिच्या दारी जावे लागते.

कोणी म्हणेल, कोर्ट आहे ना? आहे. संस्थेच्या निवडणुकीचा वाद ९१ व्या कलमाखाली सहकार न्यायालयात नेता येतो, आणि तोही निकाल जाहीर झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत. पण मतदारयादी चुकीची आहे म्हणून निवडणूकच थांबवा असे म्हणत हायकोर्टात जाल, तर काय होते ते ऐका. आपल्याच महाराष्ट्रातल्या एका दूध संस्थेचा, श्री संत सद्गुरु जनार्दन स्वामी (मोईनगिरी महाराज) सहकारी दुग्ध उत्पादक संस्थेचा, असा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००१ साली न्यायालयाने सांगितले की, मतदारयादी तयार करणे हा निवडणुकीचाच एक टप्पा आहे. निवडणूक एकदा सुरू झाली म्हणजे यादीच्या तक्रारीसाठी हायकोर्टाने ती मध्येच अडवू नये. निवडणूक होऊ द्यावी आणि मग कायद्याने नेमलेल्या ठिकाणी दाद मागावी. न्यायालयाचे म्हणणे आम्हांस पटते. असे न केले तर प्रत्येक हरणारा पॅनेलवाला वकील लावून निवडणूक वर्षानुवर्षे लोंबकळत ठेवील. पण आपण यातून काय घ्यावे? निकालानंतर दाद मागाल, तारखा पडत राहतील, आणि तोवर निवडून आलेली मंडळी काटाही मांडतील, ठरावही करतील. दोन-तीन धानाचे हंगाम निघून गेल्यावर मिळालेला न्याय घेऊन केंद्रावर नंबर लागत नाही. म्हणून आमचे सारे सांगणे कच्च्या यादीच्या त्या थोड्या दिवसांविषयी आहे.

काल एका म्हाताऱ्याने आम्हांस म्हटले, "गुरुजी, यादीत माझा बाप आहे, मी नाही." बाप जाऊन कितीतरी वर्षे झाली. सातबारा मुलाच्या नावे चढला, भाग मात्र बापाच्याच नावे राहिला. अशी मेलेली माणसे प्रत्येक यादीत असतात, आणि मतदानाच्या दिवशी त्यांपैकी काही उठून मत देऊनही जातात! वारस असाल तर मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद जोडून भाग आपल्या नावे करून मागावा. कायद्याच्या ३० व्या कलमात त्याची वाट आहे. सर्वांत अधिक नुकसान आमच्या आयाबहिणींचे होते. नवरा गेला, वावर ती कसते, कर्जाचा भरणा ती करते, केंद्रावर पोती ती मोजून देते, आणि सोसायटीत सभासद कोण? भिंतीवरच्या फोटोतला माणूस. संचालक मंडळात स्त्रियांच्या २ जागा राखीव आहेत; पण ज्यांच्या नावे त्या राखल्या त्याच यादीत नसतील, तर त्या जागांवर कोण बसणार हे पुरुषच ठरवितात. बायांनो, भागाचा कागद ट्रंकेतून काढा आणि त्यावर नाव कोणाचे आहे ते पाहा.

हरकत तोंडी घेऊ नये. अर्ज दोन प्रती करावा, पावत्यांच्या झेरॉक्स जोडाव्या, एक प्रत देऊन दुसरीवर शिक्का, सही, तारीख घ्यावी. "असू द्या हो, पाहून घेऊ" असे गोड बोलून कोणी पोच टाळली, तर त्याच गोड माणसापासून सावध राहावे. आणि मतदानाच्या दिवशी तुमच्या आधीच कोणी तुमच्या नावे मत देऊन गेले असे कळले, तर शिव्या देऊन घरी येऊ नका. विधानसभेच्या निवडणुकीत अशा खऱ्या मतदारास प्रदत्त मतपत्रिका देतात; ती नेहमीच्या मोजणीत धरीत नाहीत, निराळ्या पाकिटात ठेवितात, पण पुढे वादात तीच साक्षीला उभी राहते. सोसायटीतही निवडणूक अधिकाऱ्याकडे तेथल्या तेथे लेखी तक्रार द्या आणि पोच घेतल्याखेरीज हलू नका. ज्या मताचा कागद झाला नाही त्या मतासाठी कोणी वकील उभा राहत नाही.

आता एक गोष्ट आपल्याच लोकांविरुद्ध बोलतो. यादीतला अन्याय समजला की काही तरुणांच्या मनात येते, त्यांनी मेलेल्यांची मते टाकली तर आपणही टाकू. त्यांनी आमची नावे उडविली तर आपणही त्यांच्यातल्या चार गरिबांवर खोटी हरकत घेऊ. या जिल्ह्याच्या माणसाने तरी असे म्हणू नये. १९५४ साली भंडारा लोकसभेची पोटनिवडणूक झाली. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होते. निराळा जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. जागा दोन, एक सर्वसाधारण आणि एक राखीव, आणि प्रत्येक मतदारास मते दोन. डॉ. बाबासाहेब आंबेडकर राखीव जागेस उभे होते. जुनी माणसे सांगतात की, कार्यकर्त्यांनी सुचविले, आपल्या लोकांनी एकच मत बाबासाहेबांस द्यावे आणि दुसरे कुजवावे, म्हणजे विजय पक्का. बाबासाहेबांनी ते साफ नाकारले. दोन्ही मते द्या म्हणून सांगितले. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर आले, आणि बाबासाहेब सुमारे ८ हजार मतांनी पडले. मत कुजविणे हा गुन्हाही नव्हता. कायद्यात बसत होते. तरी ज्याने घटना लिहिली त्याने ते आपल्या लोकांस सांगितले नाही. येथे तर तुम्ही खोट्या सहीचे बोलता!

असो. बराच वेळ झाला आणि मागे बसलेल्यांस बैल सोडावयाचे आहेत. सोसायटीची कच्ची यादी लागली आहे. तिची प्रत अर्ज करून मिळविली असून ती आमच्याजवळ आहे. उद्या शाळा सुटल्यावर आम्ही समाजमंदिराच्या ओट्यावर बसणार आहो, परवाही बसणार आहो. येताना भागाचा दाखला, कर्ज भरल्याच्या पावत्या, धान दिल्याची पावती आणि आधार कार्ड आणावे. घरात कोणी वारले असेल तर त्यांचा दाखलाही. दोन्ही पॅनेलच्या माणसांनी यावे, कोणास मज्जाव नाही. चष्मा असेल त्याने चष्मा आणावा. नसेल त्यास आमची सातवीची पोरे वाचून दाखवितील. ती नाव चुकवीत नाहीत.